बाबा निवृत्त कर्नल आहेत आणि निवडणूक लढवायची म्हणतात. तुमचं मत हवंय.

रामबागेची_लेक

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे फक्त वाचत आले. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही घरच्याच प्रश्नावर.

बाबा सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या दळणवळण शाखेतून, कर्नल म्हणून निवृत्त झाले. शेवटचं पोस्टिंग महूच्या एमसीटीईत, म्हणजे मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनियरिंगमध्ये. आजोबांचं घर इंदुरातच, त्यामुळे निवृत्त झाल्यावर पुण्याला जायचा प्रश्नच आला नाही. कर्नलला ५४ व्या वर्षी घरी बसावं लागतं. आता ते ६२ चे आहेत आणि या आठ वर्षांत घरी बसलेले मी त्यांना फारसे पाहिलेले नाहीत.

दर नोव्हेंबरात आमच्या ओटीवर टेबल लागतं. आजूबाजूच्या गावांतून निवृत्त जवान आणि जवानांच्या विधवा हयातीच्या दाखल्यासाठी येतात. पेन्शन आता ‘स्पर्श’ पोर्टलवर गेलीय, सगळं ऑनलाइन, आणि येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना अक्षरओळख नाही. मागच्या वर्षी एक आजी आल्या होत्या. आयुष्यभर शेतात राबून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन काही केल्या घेईना. बाबांनी ओल्या रुमालाने त्यांचा अंगठा पुसला, थोडं थांबले, पुन्हा लावला. असं पाच वेळा. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवणारं अ‍ॅप उघडलं, त्यांना खुर्चीवर उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, “अम्मा, एक बार आँख झपकाओ.” काम झालं. आजींनी पिशवीतून चार पेरू काढून टेबलावर ठेवले.

तर आता प्रश्न. नगरनिगमची मागची निवडणूक २०२२ च्या जुलैत झाली, म्हणजे पुढची २०२७ मध्ये यायला हवी. बाबांच्या मनात वॉर्डातून अपक्ष उभं राहायचं आहे. दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसंही घरी येऊन गेली. त्यांचं म्हणणं, “कर्नलसाहब, पार्षदकी आपको शोभा नहीं देगी, सीधे २०२८ की विधानसभा की सोचिए.” आईचा दोन्हीला विरोध. तिचं म्हणणं, तीस वर्षं ज्या माणसाकडे कुणी बोट दाखवलं नाही, त्याच्या नावाने चौकात शिव्या ऐकायची माझी तयारी नाही. माझा भाऊ सैन्यात मेजर आहे. त्याने फोनवर “बाबा ठरवतील ते” एवढंच म्हणून विषय बदलला.

मला त्यांनी उभं राहावंसं वाटतं. पण मी मुलगी आहे, माझं मत तराजूत घालण्यासारखं नाही. तुम्ही काय म्हणता?

सराफ्याचा_रात्रपाळीवाला

उभं राहावं. बाकीचं नंतर सविस्तर लिहितो, आता दुकान लावायचंय.

इतिहासवेडा

चांगला विषय. माझ्याकडे थोडी शिदोरी आहे, ती देतो.

सगळ्यात आधी आठवतात करिअप्पा. १५ जानेवारी १९४९ ला भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. त्या तारखेला आजही आपण सेना दिवस पाळतो. त्यांच्याएवढं नाव कुणाचं असणार? तेच करिअप्पा १९७१ मध्ये मुंबई ईशान्य मतदारसंघातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. ते वर्ष इंदिरा गांधींच्या लाटेचं होतं हे खरं, पण मतदाराने सरसेनापतीलाही ‘नाही’ म्हटलं हेही तितकंच खरं.

दुसरं उदाहरण जनरल जे. जे. सिंग. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, २००५ ते २००७ सेनाप्रमुख. २०१७ ला पटियाला शहरातून अकाली दलाकडून लढले. समोर कोण? कॅप्टन अमरिंदर सिंग, तेही माजी फौजी, शीख रेजिमेंटचे. कॅप्टनने जनरलला हरवलं. मतपेटीत हुद्द्याची उतरंड चालत नाही.

बाडमेर २०१४ तर याहून बोलकं आहे. तिकीट नाकारलेले मेजर जसवंत सिंग अपक्ष. परराष्ट्र आणि अर्थ अशी दोन्ही खाती सांभाळलेला माणूस. त्यांना हरवलं कर्नल सोनाराम चौधरींनी. तिथेही फौजी विरुद्ध फौजी.

आता जिंकलेले. जनरल व्ही. के. सिंग २०१४ ला गाझियाबादमधून साडेपाच लाखांहून जास्त मतांनी आले. पण सेनाप्रमुखपदावरून थेट मोठ्या पक्षाचं तिकीट हा मार्ग किती जणांना मिळतो? मला ताईंच्या बाबांसाठी मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरींचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. इंजिनियर्स कोअरचा माणूस. १९९१ मध्ये गढवालमधून लोकसभेत गेला, वाजपेयींच्या काळात रस्ते खातं त्यांच्याकडे आलं. सुवर्ण चतुष्कोनाचा ५,८४६ किलोमीटरचा पसारा हाकायला जन्मभर रस्ते-पूल बांधलेला माणूस लाभला. म्हणजे हुद्दा नव्हे, हुद्द्यावर असताना शिकलेलं काम कामी आलं.

पण त्यांचंही पुढे ऐका. २०१२ ला उत्तराखंडचे मुख्यमंत्री असताना ते स्वतः कोटद्वारमधून हरले. पक्षाच्या जागा ३१, समोरच्यांच्या ३२. एका जागेने राज्य गेलं, आणि ती जागा त्यांची स्वतःची असू शकली असती. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाईट वाटतं.

कोथरूडकर

इतिहासवेडा, महाराष्ट्र राहिला की तुमचा. ब्रिगेडियर सुधीर सावंत. १९९१ ला राजापुरातून त्यांनी मधु दंडवत्यांना हरवलं. दंडवते तिथे १९७१ पासून सलग निवडून येत होते. कोकणातल्या घराघरात फौजी आहेत, त्याचा काही परिणाम झाला असणार असं माझं मत.

ताई, एक शंका. तुम्ही ‘पार्षद’ का लिहिता? मराठीत नगरसेवक.

रामबागेची_लेक

@कोथरूडकर, कारण इथे पाणी आलं नाही की लोक पार्षदाला फोन करतात. नगरसेवक म्हटलं तर आमच्या कामवाल्या मावशींना कळणार नाही. आमची मराठी इथली आहे, होळकरांबरोबर आली आणि इथेच वाढली.

@इतिहासवेडा, खूप आभार. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. करिअप्पांपाशी ते जरा थांबले. खंडुरींबद्दल म्हणाले, “सॅपर माणूस. बरोबर जागी बसवला होता.” (सॅपर म्हणजे इंजिनियर्स कोअरचा.)

सुभेदार_निवृत्त

ताई, मी साताऱ्याचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २८ वर्षं काढली, सुभेदार म्हणून घरी आलो. मुलगा पीथमपूरला कंपनीत आहे म्हणून आता राऊला असतो. तुमच्या बाबांना मी ओळखत नाही. जे लिहितो ते राग न धरता वाचा.

साहेब लोक चांगले असतात. मी ज्यांच्या हाताखाली राहिलो त्यातले बहुतेक सोन्यासारखे होते. पण साहेबांना ‘नाही’ ऐकायची सवय नसते. पलटणीत महिन्याला सैनिक संमेलन होतं, आम्ही जुनी माणसं त्याला दरबार म्हणतो. सीओसाहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, समोर उभे, जवान बसलेले, कुणाला काही अडचण असेल तर हात वर करायचा. बाहेरच्याला वाटतं, काय लोकशाही आहे! पण पॉइंट आधीच सुभेदार मेजरकडे, म्हणजे पलटणीतल्या सगळ्यात ज्येष्ठ सुभेदाराकडे, गेलेले असतात. कुठला विचारायचा, कुठला कंपनीतच मिटवायचा, हे तिथे ठरतं. सीओसाहेबांपर्यंत येतो तो चाळलेला गहू. खडे आम्ही आधीच वेचलेले असतात.

वॉर्डात खडे वेचणारा सुभेदार मेजर नसतो. सकाळी साडेसहाला दारावर थाप, “नळ नाही आला.” माणूस आधीच तापलेला. तो सॅल्यूट करणार नाही, ‘जी साहब’ म्हणणार नाही. तुमच्या बाबांना हे सोसेल का, एवढंच मला विचारायचंय.

रामबागेची_लेक

काका, रागवले नाही, पण लागलं. बाबांच्या ओटीवर कुणीही येतं, कसंही बोलतं. कुणावर आवाज चढवलेला मी पाहिला नाही.

सुभेदार_निवृत्त

लागलं असेल तर माफ करा. पण पोरी, ओटीवर येणारा मागायला येतो, दोन शब्द ऐकून घेतो. मतदार हिशोब घ्यायला येतो. दोन्ही माणसं एकच असली तरी बोलणं एक नसतं.

मोहिनी_बडोदे

सुभेदारकाकांशी सहमत. मी बडोद्याची. माझे आजोबा हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि एका पक्षाने आग्रहाने पालिकेला उभं केलं. पक्षाचं नाव लिहीत नाही, आता त्यात काही नाही.

पहिले पंधरा दिवस घरात लग्नासारखी वर्दळ. आजी मोठ्या पातेल्यात चहा उकळायची. आजोबा पांढऱ्या शर्टात, हातात वही. प्रत्येकाचं गाऱ्हाणं लिहून घ्यायचे आणि त्यापुढे तारीख घालायचे. शेवटच्या आठवड्यात पक्षाचे लोक कमी व्हायला लागले. नंतर कळलं की वरून दुसऱ्याच कुणाशी काहीतरी ठरलं होतं आणि आमच्या वॉर्डात जोर लावायचा नाही असा निरोप आला होता. आजोबांना कुणी सांगितलं नाही. ते मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत केंद्राबाहेर उन्हात उभे होते.

हरले. हरल्याचं त्यांना दुःख नव्हतं. “सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं,” हे मात्र ते कितीतरी वर्षं म्हणत राहिले. उरलेली पत्रकं आजीने स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरली. डबा उचलला की आजोबांचा फोटो दिसायचा. मी शाळेत असेपर्यंत ती पत्रकं तिथे होती.

म्हणून माझं मत: पक्षाने बोलावलं म्हणून जाऊ नका. जायचंच तर अपक्ष, आणि स्वतःच्या माणसांच्या बळावर.

सराफ्याचा_रात्रपाळीवाला

मोहिनीताई, पत्रकांचं वाचून पोटात कालवलं.

वकीलबाई

कायद्याचं कुणी बोलत नाहीये म्हणून थोडं.

१. हुद्दा लावता येतो. राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब बंद केले, पण सैनिकी आणि शैक्षणिक पदव्या त्यातून वगळल्या आहेत. लिहायची रीत अशी: आधी ‘कर्नल’, मग नाव, मग कंसात ‘निवृत्त’. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो.

२. वर्दीतले फोटो मात्र नकोत. निवडणूक आयोगाने ४ डिसेंबर २०१३ च्या पत्रात पक्षांना सांगितलं होतं की प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नका. ९ मार्च २०१९ ला पुन्हा बजावलं. नगरनिगमची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे नियम वेगळे पाहावे लागतील. तरी वर्दी पोस्टरवर आणू नये हे माझं आग्रहाचं सांगणं.

३. भावाचं. तो नोकरीत आहे ना? आर्मी रूल्स १९५४ चा २० वा नियम राजकीय हालचालींबद्दल आहे. त्याने सभेत, मिरवणुकीत दिसायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर बाबांचं पत्रकसुद्धा पुढे पाठवायचं नाही. त्याने फोनवर विषय बदलला तो बरोबरच केलं.

४. विधानसभेचं बोलायचं तर मध्य प्रदेशात खर्चाची मर्यादा ४० लाख, अनामत १० हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मिळाली की अनामत जप्त. अपक्षाला दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. हे आकडे घरी टेबलावर ठेवून बोला. ४० लाख ही मर्यादा आहे, तेवढे खर्च करावेच लागतात असं नाही, पण ‘सीधे विधानसभा’ म्हणणाऱ्यांना पैसा कुणाचा हे पहिल्याच भेटीत विचारा.

५. आणि सगळ्यात आधी: वॉर्डाचं आरक्षण. इथे निम्म्या जागा महिलांसाठी असतात, सोडत निघते. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तर ही सगळी चर्चा काकूंबद्दल होईल.

रामबागेची_लेक

शेवटचा मुद्दा आईला वाचून दाखवला. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मग मी राहीन उभी. निदान घरातलं माणूस घरी जेवायला येईल.” बाबा एवढे हसले की शेजारच्या काकू डोकावल्या.

भावाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आभार. आमच्या हॉलमध्ये बाबांचा आणि त्याचा, दोघांचा वर्दीतला फोटो शेजारी शेजारी आहे. येणाऱ्या दोन कार्यकर्त्यांनी मोबाइलवर त्याचाच फोटो काढून नेला होता. आज बाबांनी दोघांनाही फोन करून तो काढून टाकायला सांगितलं.

महूकर

माझं घर महूच्या छावणीत, म्हणून एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

बाहेरच्यांना माहीत नसेल, छावणीत नगरपालिका नसते, कॅन्टोन्मेंट बोर्ड असतं. २००६ च्या कायद्याप्रमाणे त्याचा अध्यक्ष स्टेशनचा लष्करी प्रमुख, म्हणजे वर्दीतला अधिकारी. आणि त्याच टेबलाला लोकांनी निवडून दिलेले सदस्य, त्यांच्यातून उपाध्यक्ष. भाजीबाजारातल्या गटारीवर ब्रिगेडियर आणि निवडून आलेला किराणा दुकानदार समोरासमोर बसून बोलायचे, हे चित्र देशात फक्त छावण्यांत दिसायचं. माझे वडील त्या बैठकांना प्रेक्षक म्हणून जायचे. ते सांगत, चांगला अध्यक्ष पहिल्या दोन बैठकांत गप्प राहायचा, वाईट अध्यक्ष पहिल्याच बैठकीत ब्रीफिंग द्यायचा.

२०२३ च्या फेब्रुवारीत देशातल्या ५७ छावण्यांच्या निवडणुका जाहीर झाल्या, ३० एप्रिलची तारीखही आली, आणि मार्चमध्ये ती अधिसूचना मागे घेतली. ती निवडणूक झाली नाही याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. माझ्या घरासमोरचा दिवा बंद पडला तर मी कुणाच्या दारावर थाप द्यायची? म्हणून सुभेदारकाका म्हणतात ती सकाळी साडेसहाची थाप मला त्रास वाटत नाही. ज्याच्या दारावर थाप देता येते तो माणूस असणं हीच मोठी गोष्ट आहे.

आणि महू म्हटलं की एक सांगायलाच हवं. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म इथल्याच छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ, सुभेदार. सुभेदाराच्या मुलाने या देशाला मताचा हक्क लिहून दिला. फौजी घर आणि राजकारण यांचं वावडं आहे असं कुणी म्हणालं की मी त्याला जन्मभूमीच्या स्मारकाकडे घेऊन जातो.

सुभेदार_निवृत्त

महूकर साहेब, शेवटचं वाचून ऊर भरून आला. जय भीम.

परदेशीपुऱ्याचा_नातू

‘अपक्ष निवडून येत नाही’ असं कुणी म्हणेल म्हणून आधीच लिहितो. इंदूरने १९६२ मध्ये लोकसभेला अपक्ष निवडून दिला आहे. होमी दाजी. कम्युनिस्ट माणूस, पक्षाच्या चिन्हाशिवाय लढला आणि जिंकला. माझे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते सांगायचे, दाजी पाळी सुटायच्या वेळी गेटवर असायचे. निवडणुकीच्या वर्षी नव्हे, दरवर्षी. साच्याच्या आवाजाने बधिर झालेल्या कानात त्यांचं बोलणं शिरायचं, कारण ते ओरडायचे नाहीत, जवळ यायचे.

मिल १९९१ ला बंद पडली. कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आजोबा तोवर राहिले नाहीत, पैसे आजीच्या नावाने आले. हे विषयाला धरून नाही, पण दाजींचं नाव लिहिलं की हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ताई, तुमच्या बाबांचं ओटीवरचं टेबल हे मला मिलच्या गेटसारखं वाटतं.

इतिहासवेडा

नातू, छान आठवण. त्यात भर. ‘पार्षदकी शोभत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपल्या ताईंचा, सुमित्रा महाजनांचा, प्रवास आठवावा. चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदुरात आली. १९८२ मध्ये नगरनिगमात गेल्या, १९८४ मध्ये उपमहापौर झाल्या. ८५ ला विधानसभा लढवली आणि हरल्या. ८९ ला थेट माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवून लोकसभेत. तिथून सलग आठ वेळा, शेवटी लोकसभेच्या अध्यक्षा. पक्ष कुठलाही आवडो न आवडो, सुरुवात नगरनिगमातूनच झाली होती.

कोथरूडकर

मला अजूनही वाटतं की फौजी माणसाने राजकारणापासून दूर राहावं. तुमच्या बाबांवर शंका नाही. पण आज जो निवृत्त आहे तो काल नोकरीत होता. निवृत्तीनंतर तिकीट मिळणार असं दिसायला लागलं तर नोकरीतला माणूस कुणाच्या तोंडाकडे बघेल? आपल्या शेजारच्या देशांत सैन्य आणि सत्ता यांची सरमिसळ झाल्यावर काय झालं ते आपण पाहिलंय. आपलं सैन्य यातून वाचलं, ती पुण्याई सांभाळायला हवी. निवृत्तीनंतर काही वर्षं तरी थांबायचा नियम असावा.

वकीलबाई

@कोथरूडकर, मुद्दा वजनदार आहे. सेनाप्रमुख किंवा आर्मी कमांडर पदावरून उतरला आणि चार महिन्यांत पक्षात गेला, तर मलाही खटकतं. पण ५४ व्या वर्षी घरी आलेला कर्नल, आठ वर्षं लोकांचे कागद भरतोय, आणि आता वॉर्डातून उभा राहतोय, त्याला तोच दंडक लावणं अन्याय होईल. तो आठ वर्षं थांबलाच आहे.

कोथरूडकर

हे मान्य. आठ वर्षांचा हिशोब माझ्या लक्षात आला नव्हता. मागे घेत नाही, पण या बाबतीत विरोध नाही.

नवलखा_चौक

२०२४ ला इंदूर लोकसभेत काय झालं ते आठवा. मुख्य विरोधी उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि २,१८,६७४ लोकांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. त्यात मीही होतो. रांगेत उन्हात उभं राहून, आत जाऊन, कुणालाच मत न देऊन परत आलो. घरी येऊन मला जेवण गेलं नाही. मला निवडायला माणूस हवा होता. चांगल्या माणसांनी घरी बसू नये एवढंच माझं सांगणं. उभे राहा. हरलात तरी आम्हाला बटण दाबायला एक नाव मिळेल.

सराफ्याचा_रात्रपाळीवाला

आता सविस्तर. भुट्ट्याचा कीस संपला, गिऱ्हाईक कमी झालं, म्हणून बसलो.

मी रोज रात्री दोनपर्यंत माणसं बघतो. नेते येतात, कीस खातात, पैसे देतात किंवा देत नाहीत. कोण कसा आहे ते पैसे देताना कळतं असं लोक म्हणतात, मी म्हणतो रांगेत कळतं. एकदा एक निवृत्त अधिकारी आले होते. बरोबरच्याने मोठ्याने म्हटलं, “अरे, ब्रिगेडियर साहब हैं, पहले दो.” त्यांनी त्याला हातानेच थांबवलं आणि रांगेत मागे जाऊन उभे राहिले. वीस मिनिटं. नाव मला आजही माहीत नाही. ते आमच्या वॉर्डात उभे राहिले असते तर मी दुकान बंद ठेवून प्रचार केला असता.

कर्नल_बाबा

नमस्कार. मुलीने खातं उघडून दिलं. टायपिंग हळू आहे, चुका सांभाळून घ्या.

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सुभेदार साहेब, तुमच्या दरबाराच्या पॉइंटला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं आहे. मी स्वतः सीओ असताना सगळे पॉइंट माझ्यापर्यंत येतात असं समजत होतो. माझ्या सुभेदार मेजरने निवृत्तीच्या दिवशी, बडा खाना झाल्यावर, मला सांगितलं की येत नव्हते. तुम्ही तीच गोष्ट लिहिलीत. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, परवाही लागली नाही.

म्हणून रविवारी एक केलं. सिग्नल्समध्ये केबल तुटली की एक्स्चेंजमध्ये बसून दोष सापडत नाही, लाइन पार्टी केबल हातात धरून चालत जाते. मी वही घेऊन आमच्या मागच्या दोन गल्ल्या चाललो. ३८ घरं. आठ वर्षं इथे राहतो, आणि त्यातली ११ घरं ओळखीची निघाली. बाकी २७ घरांना मी कोण ते माहीत नव्हतं. ओटीवर येणारी माणसं गावांतून येत होती, माझ्याच गल्लीतली येत नव्हती. हे मला माहीत नव्हतं.

एका घरी एका ताईंनी विचारलं, “आप किस पार्टी से हो?” मी म्हटलं, कुठल्याच नाही. “फिर काहे को आए?” मी म्हटलं, गल्लीत काय अडचण आहे ते विचारायला. त्यांनी पाणी दिलं आणि मला मागच्या अंगणात नेलं. ड्रेनेजचं चेंबर घराच्या जोत्यापेक्षा चार बोटं उंच. पाऊस आला की उलटं पाणी मोरीतून आत. जोत्यावर मागच्या तीन पावसाळ्यांचे डाग होते, एकावर एक. मी टेपने उंची मोजली आणि लिहून घेतली. उद्या अर्ज घेऊन झोन ऑफिसला जाणार आहे. नागरिक म्हणून जातोय, उमेदवार म्हणून नाही.

विधानसभेवाल्या दोघांना नाही कळवलं आहे. मोहिनीताई, तुमच्या आजोबांना माझा सॅल्यूट. ते उन्हात उभे होते ती वेळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वॉर्डाचं अजून ठरलेलं नाही. दिवाळीपर्यंत सगळ्या गल्ल्या चालून व्हायच्या आहेत. पत्नीने अट घातली आहे की दुपारी एक वाजता जेवायला घरी. ती मान्य.

सुभेदार_निवृत्त

साहेब, राम राम. रविवारी मी मोकळा असतो. राऊहून सकाळची बस आहे. लाइन पार्टीला एक माणूस कमी असेल तर सांगा.

कर्नल_बाबा

साडेसहाला चहा घरी. या.

एक विचारायचं राहिलं. आमच्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवस आड येतं, पण वेळ प्रत्येक गल्लीत वेगळी सांगतात. धाग्यावर आमच्या वॉर्डातलं कुणी असेल तर आपल्या गल्लीत नळ किती वाजता येतो आणि किती मिनिटं राहतो, तेवढं लिहा. मी तक्ता करतो आहे.

नवलखा_चौक

वॉर्ड तुमचा नाही, पण मावशी त्याच बाजूला राहते. तिच्याकडे पहाटे पाच चाळीसला येतो, अर्धा तासही राहत नाही. दुसऱ्या मजल्यावर चढत नाही. उद्या घड्याळ लावून बसायला सांगतो आणि नेमकं लिहितो.